डांबरीची राखण

माझ्या सासऱ्यांनी नोकरीभर मेलेली कुत्री उचलली. लग्न ठरलं तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा नगरला एमआयडीसीत कंपनीत आहे आणि वडील पीडब्ल्यूडीत, एवढंच कळलं होतं. पीडब्ल्यूडी म्हटल्यावर आमच्या नेवाशाच्या घरात सगळ्यांना टेबल, पंखा आणि फायलींचे गठ्ठे दिसायला लागले. मी कोल्हारला नांदायला आले तेव्हा समजलं की रंभाजी मामा मैलकुली. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई.

मैलकुली म्हणजे रस्त्याचा राखणदार. नगर-मनमाड रस्त्याचा एक ठरलेला तुकडा मामांच्या अंगावर होता. खड्ड्यांत खडी टाकून डांबर ओतायचं, कडेच्या बाभळी छाटायच्या, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे, आणि रात्रीतून ट्रकखाली आलेलं जनावर सकाळी बाजूला करायचं. बाकीचे मैलकुली मेलेलं कुत्रं फावड्यानं कडेच्या चारीत लोटून मोकळे व्हायचे. मामा खड्डा घेऊन पुरायचे. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, वास येतो. मामांना दोन शब्दांत काम भागत असेल तर ते तिसरा खर्च करत नसत.

अशीच एक चिरडलेली कुत्री उचलायला ते प्रवरेच्या पुलाजवळ गेले, तर शेजारी डांबराच्या पिंपाला टेकून तिचं पिल्लू बसलेलं. काळं कुळकुळीत, त्यात पिंपाचं डांबर अंगाला फासलेलं. रॉकेलनं पुसून त्यांनी ते शर्टात घालून आणलं आणि नाव ठेवलं डांबरी. पुढे मामा निवृत्त होईपर्यंत ती रोज त्यांच्याबरोबर कामावर जायची. माणसांशी न बोललेलं सगळं मामा तिच्याशी बोलत. आत्याबाई म्हणायच्या, माझी सवत काळी आहे म्हणून बरं, गोरी असती तर मला घरातच ठेवलं नसतं.

मला कुत्री आवडत नाहीत. आज इतक्या वर्षांनीही आवडत नाहीत, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणणारही नाही. मी आले तेव्हा डांबरी म्हातारी झालेली होती. उंबऱ्यात आडवी पडायची, उठवलं तरी उठायची नाही, आणि तिचे केस पिठात सापडायचे. मी तिला ओलांडून जायचे आणि पुटपुटायचे. मामांना ते ऐकू जायचं, पण ते काही बोलायचे नाहीत.

मग तिच्या पोटाखाली, मागच्या आचळाला, लिंबाएवढी गाठ आली. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या गोरक्ष डॉक्टरांनी कडुलिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून ती कापून काढली. वर्षभर बरं गेलं. नंतर एकाच्या तीन गाठी झाल्या, त्यातली एक पिकून फुटली. त्यातच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, मागचे पाय ओढायला लागले आणि लघवीवर ताबा राहिला नाही. कॅन्सर आहे, छातीत शिरलाय, मूत्रपिंडंही गेलीत, असं डॉक्टरांनी एका दमात सांगून टाकलं. मामा रोज कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं तिची जखम धुवायचे, टर्पेंटाइनचा बोळा लावून अळ्या काढायचे, तिच्याखालचं पोतं बदलायचे. आत्याबाईंच्या गुडघ्याला त्यांनी कधी तेल चोळल्याचं मी पाहिलेलं नाही, पण डांबरीच्या पायांना दोन वेळा चोळत.

शहाण्णव सालचा उन्हाळा. मला सातवा महिना लागला होता. डांबरी रात्रंदिवस कण्हायला लागली होती. शेवटी मामा स्वतः दवाखान्यात गेले आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्या सकाळी डॉक्टर येत्याल. तिला सोडवायची." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण सुटल्यासारखंही वाटलं.

त्याच संध्याकाळी मी दिवा लावायला उंबऱ्यापाशी गेले. तिच्याखालचं पोतं भिजलं होतं. मामा दळणाला गेलेले. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, आपणच बदलावं. मी पोतं ओढलं, माझा हात तिच्या फुटलेल्या गाठीवर गेला, आणि आंधळ्या जनावरानं मान वळवून माझ्या मनगटाला दात लावले. दोन खोल खुणा आणि रक्त. आत्याबाई धावत आल्या आणि त्यांनी जखमेत मूठभर मिरचीपूड दाबली. गावाकडचं औषध ते. माझी किंकाळी पार पुलापर्यंत गेली असेल.

मामा दळणावरून आले ते तसेच मला सायकलवर पुढे बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मिरची धुताना आम्हा दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. साबण आणि नळाचं पाणी सोडून जखमेवर काही लावायचं नसतं म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. कुत्र्याच्या सुया तेव्हा चौदा असत, बेंबीभोवती, पोटात. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. हजारांत एखाद्याला तिनं हातपाय लुळे पडतात, आणि गर्भार बाईला ती टोचताना त्यांचंही मन कचरत होतं. कुत्री घरची, डोळ्यांसमोरची आहे म्हणून त्यांनी एक मार्ग सांगितला. कुत्री दहा दिवस बांधून ठेवायची. पिसाळलेलं कुत्रं चावल्यानंतर तेवढं जगत नाही. ती दहा दिवस जगली तर सुयांची गरज नाही. मधेच मेली, पिसाळली किंवा पळाली, तर त्याच दिवशी यायचं, आणि मग सातवा असो की नववा, सुया सुरू.

डांबरीला लस कधी दिली होती, असं बाईंनी विचारलं. तीन वर्षांपूर्वी. मधे कुठल्या कुत्र्याशी झोंबाझोंबी? मामा म्हणाले, होळीच्या सुमारास एक परकं कुत्रं अंगणात शिरलं होतं, भाकरीवरून हिच्या अंगावर गेलं होतं. ते कुणाचं, पुढे त्याचं काय झालं, काही माहीत नाही.

घरी येताना मामा सायकलवर बसले नाहीत, मला बसवून सायकल हातात धरून चालत आले. वाटेत एकदाच थांबले, जनावरांच्या दवाखान्यापाशी. आत जाऊन त्यांनी गोरक्ष डॉक्टरांना सांगितलं की उद्या येऊ नका. ज्या कुत्रीच्या मरणासाठी ते सकाळी हात जोडून आले होते, तिला आता जगवायचं कसं ते विचारायला लागले. "रंभाजी, तिच्यात दहा दिवस नाहीत," डॉक्टर म्हणाले. "असले तरी ते कसे असतील, तुम्हाला ठाऊक आहे." मामा म्हणाले, ठाऊक आहे.

त्या दिवसापासून आमचं घर त्या कुत्रीच्या श्वासावर चालायला लागलं.

मामांनी उंबऱ्यावरून तिला उचलून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि स्वतःचा बिछाना शेजारी टाकला. खिळ्याला सलाईनची बाटली टांगली. डॉक्टर सकाळी येऊन सुई लावून जात, मामा थेंब मोजत बसत. अळणी मटणाचं पाणी कापसानं तिच्या जिभेवर पिळायचं, अंड्याचा बलक बोटानं टाळूला लावायचा. दुखण्याची इंजेक्शनं डॉक्टर हात राखून देत होते, कारण मूत्रपिंडं गेलेल्या जनावराला तीच मारू शकत होती. म्हणजे तिचं दुखणं कमी करावं तर ती जाणार, आणि जगवावी तर दुखणं सोसायला लावणार. ती कण्हायची. मी आतून ऐकत पडायचे आणि पोटावर हात ठेवून मनात म्हणायचे, कण्ह बाई, कण्ह, म्हणजे तू आहेस असं कळतं. असं मनात यायचं याची मला शिसारी यायची, तरी ते यायचंच.

आमच्याकडे चावलेलं कुत्रं ठेवत नाहीत. चावलं की पोरं काठ्या घेऊन निघतात आणि कुत्रं संपवल्यावरच गावाला बरं वाटतं. ते पिसाळलेलं होतं की नव्हतं, हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार आपण मारला, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बातमी वस्तीत पसरली तशी तिसऱ्या दिवशी भीमराज आला. भीमराज आमच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष, चांगला पोरगा, मामांच्या हाताखाली वाढलेला. मागे चार जण, दाराबाहेर ठेवलेल्या काठ्या. चौदा एप्रिल तोंडावर आलेली, गल्लीत पताका लागत होत्या, दिवसभर लेकरांची धावपळ. तो म्हणाला, मामा, तुम्ही बसा आत, आम्ही बघतो.

मामा दारात उभे राहिले. "तिला मारली तर उद्यापासून माझ्या सुनंला चौदा सुया," ते म्हणाले. "कुनी मारायची ते ठरवा. त्यानं सुनंच्या म्होरं येऊन सांगायचं, आन् मंग काठी उचलायची."

मी आतून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. मला राग आवरत नव्हता. पोट पुढे काढून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. भीमराजनं मान खाली घातली. पण त्यानं एक अट घातली, आणि ती रास्त होती. ती पिसाळल्याचं जरा जरी चिन्ह दिसलं तर मामांनी स्वतः हाक मारायची. मामा व्हय म्हणाले. मामांचा व्हय म्हणजे स्टॅम्पपेपर, हे वस्तीला ठाऊक होतं.

आणि जयंतीच्या आदल्या दिवशी चिन्ह दिसलं.

सकाळी मामांनी वाटीत पाणी पुढे केलं. डांबरीनं वास घेतला आणि झटक्यानं तोंड फिरवलं. पुन्हा केलं, पुन्हा फिरवलं. तिच्या तोंडातून तारेसारखी लाळ लोंबायला लागली, खालचा जबडा थरथरत होता. पाण्याला भिणारं कुत्रं म्हणजे काय हे खेड्यातल्या लहान पोराला कळतं. आत्याबाईंनी पदर तोंडावर दाबला. मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मामा वाटी हातात घेऊन तसेच बसून होते. त्यांनी शब्द दिला होता. हाक मारली तर डांबरी मरणार, आणि ती मेली की माझ्या पोटात सुया. नाही मारली आणि ती खरंच पिसाळली असेल, तर उद्या जयंतीला गल्लीत शंभर लेकरं.

मामांनी आत्याबाईंना दवाखान्यात पिटाळलं. गोरक्ष डॉक्टरांनी येऊन रबरी हातमोजे चढवले, तिचा जबडा बॅटरीच्या उजेडात उघडून पाहिला. तोंड फोडांनी भरलं होतं. मूत्रपिंडं बंद पडत आली की असं होतं, पाणी झोंबतं, म्हणून तोंड फिरवते, असं त्यांनी सांगितलं. मामांनी विचारलं, म्हणजे पिसाळली नाही? "मला वाटतं, नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वाटण्यावर मी पोरीचा जीव टांगणार नाही. वाट बघा." इतका प्रामाणिक माणूस त्या क्षणी मला अजिबात आवडला नाही.

मामांनी भीमराजला बोलावून जे दिसलं ते आणि डॉक्टर जे म्हणाले ते सगळं सांगितलं, काही न लपवता. भीमराजनं डांबरीकडे लांबून पाहिलं, मग माझ्याकडे. काठीचं नाव न काढता तो गेला. दुसऱ्या दिवशी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा बँड थांबला, फटाकेही थांबले. घोषणा न देता सगळी वस्ती आमच्या दारावरून चालत पुढे गेली आणि वळणापलीकडे जाऊन पुन्हा वाजायला लागली. मामा दर वर्षी त्या मिरवणुकीच्या पुढे असत. या वर्षी ते पडवीत डांबरीचे कान दोन्ही हातांनी झाकून बसले होते, बँड थांबलेला त्यांना समजलाही नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. प्रवीण, माझा नवरा, रजा टाकून आला, आणि आल्या आल्या म्हणाला, सुया घेऊनच टाकू. मग लुळं पडण्याचं ऐकून म्हणाला, नको घेऊ या. असं तो सकाळ-संध्याकाळ मत फिरवत राहिला. मी त्याला म्हटलं, तू नगरला होतास तेच बरं होतं.

एका दुपारी मामा विहिरीवर अंगावर पाणी घेत होते आणि मी त्यांचा टॉवेल द्यायला गेले. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत दातांच्या खुणांनी भरला होता. काही सुकलेल्या, काही ओल्या. जखम धुताना ती रोज त्यांना चावत होती, आणि ते भर उन्हाळ्यात खाकी शर्टाच्या बाह्या खाली सोडून वावरत होते. कुणाला कळलं असतं तर वस्ती म्हणाली असती, बघा, चावत सुटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टॉवेल घेतला. ती पिसाळलेली निघाली तर माझ्याआधी हा माणूस जाणार होता, आणि त्यानं ते केव्हाच मान्य करून टाकलेलं होतं.

मला ते सहन होईना. संध्याकाळी मी पडवीत जाऊन स्पष्ट सांगितलं, "मामा, मी सुया घेते. उद्यापासून. तिला सोडवा, आणि तुम्हीही घ्या."

ते तिच्या अंगावरच्या माश्या वारत होते. हात थांबला नाही. "डांबरीचं दुखनं मला दिसतंय," ते म्हणाले. "किती हाय, कुठं हाय, समदं दिसतंय. तुझ्या पोटातल्याला काय हुईल ते दिसनार न्हाई. दिसतंय तेवढं मी तिला सोसाया लावीन. न दिसनारं न्हाई सोसायचं मला."

मी रडले. रागानं रडले, त्यांच्या, कुत्रीच्या, त्या सुयांच्या. मग पदर खोचला आणि कडुलिंबाचं पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवसापासून डोकं त्यांनी धरायचं आणि पाणी मी घालायचं.

डांबरीचं अंग शेवटी शेवटी थंड पडायला लागलं. मामा विटा तापवून फडक्यात गुंडाळून तिच्या पाठीशी लावत. श्वास इतका बारीक झाला की आत्याबाई तिच्या नाकापुढे आरसा धरायच्या. एकदा आरशावर काही उमटेना, आणि प्रवीण माझी पिशवी भरायला आत पळाला. मामांनी तिची छाती चोळली, जोरजोरात, नाव घेत. आरशावर पुसट वाफ आली. मामा घामानं निथळत होते.

आणि मग ती मुदत सरली. सकाळी प्रवीणनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुत्री जिवंत आहे? काही वेगळं केलं का? वाकडं चालली, अंधारात लपली, भलत्यावर धावून गेली? नाही, चालायलाच ती उठली नव्हती. गोरक्ष डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्या पहिल्यांदा हसल्या. जा घरी, काही नको, म्हणाल्या. प्रवीणनं रस्त्यातच पेढे घेतले. घरी आत्याबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मामांनी असल्या गोष्टींना आयुष्यभर विरोध केलेला असूनही. गल्लीतल्या बाया जमल्या, भीमराज आला, हसणं-बोलणं सुरू झालं. पेढे खाताना माझ्या लक्षात आलं की मामा कुठे दिसत नाहीत. ते सायकल घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले होते.

गोरक्ष डॉक्टर आले तेव्हा मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मला निघू दिलं नाही. डांबरीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सुई भरली, पायाची शीर शोधली आणि मामांच्या मानेच्या खुणेची वाट पाहत थांबले. मामा तिच्या कानाशी वाकले. मग त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे.

"इतकं दिस तिला मरू नगं, मरू नगं म्हनत आलो," ते म्हणाले. "तिनं ऐकलं माझं. आता जा म्हनून कसं सांगू? माझ्या तोंडातून निघंना. तू सांग, पोरी."

मी पोट सांभाळत खाली बसले. त्या कुत्रीशी मी आजवर 'हाड' सोडून दुसरा शब्द बोलले नव्हते. तिच्या कानावर हात ठेवला. कान गार होता.

"डांबरे, झालं गं सगळं," मी म्हटलं. "मला काही झालं नाही. आता तू जा."

तिला ते कळलं असं मी म्हणणार नाही. मामांनी डोळे मिटून घेतले आणि डॉक्टरांना मान हलवली.